मुखचित्र आणि नाममुद्रा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह आम्ही फर्दापूरला दोन रात्री मुक्काम केला. अजिंठ्याची लेणी पाहणारे बहुतेक लोक छत्रपती संभाजीनगराहून किंवा जळगावहून सकाळी येतात आणि सायंकाळी परततात. फर्दापूर त्यांच्या लेखी एक तिठा, जेथे स्वतःची गाडी सोडून पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचे, एवढेच. मुक्कामाला राहिल्यावर मात्र या गावाची संध्याकाळ कळते. पर्यटकांच्या गाड्या गेल्या की दुकानदार खोट्या नीलमण्यांची आणि खऱ्या गारगोट्यांची पथारी आवरतात, डोंगर एकदम जवळ आल्यासारखा वाटतो, आणि बोलण्यासारखे काही उरले नाही तरी माणसे ओट्यावर बसून राहतात.

अशाच एका ओट्यावर, वीज गेलेली असताना, आम्ही खिशातला जुना प्लेयर काढला. दोन इंचांचा पडदा, चार बटणे, आणि वीस वर्षांत तबकड्यांवरून, ध्वनिफितींवरून व सीडींवरून उतरवून घेतलेली साडेतीन हजार गाणी. आजच्या विद्यार्थ्यांना ही वस्तू पुराणवस्तूसारखी वाटते हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु मोबाइलची खूण डोंगराआड गेली की हीच पुराणवस्तू गाते. ‘जैत रे जैत’मधले एक गाणे लागले आणि त्याच क्षणी पडद्यावर गणपती उमटला. सुबक, शेंदरी, झगमगत्या प्रभावळीचा. आरतीसंग्रहाच्या मुखपृष्ठावरचा.

विद्यार्थी हसले. आम्हीही हसलो, कारण या चमत्काराचे कारण आमच्याच आळसात होते. गाणी भरताना आम्ही सहाशेहून अधिक गाण्यांच्या ‘अल्बम’ या रकान्यात नुसते ‘मराठी’ असे लिहून ठेवले होते. प्लेयर बिचारा अल्बमच्या नावागणिक एकच चित्र जपतो; त्या नावाखाली त्यास पहिल्यांदा सापडलेले चित्र आरत्यांचे होते, म्हणून त्याने लावणीपासून अभंगापर्यंत सर्वांवर गणपतीची स्थापना करून टाकली. येथवर गंमत होती. त्यानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे गाणं कुणाचं?”

उत्तरे भराभर आली. एक म्हणाला, “आशाताईंचं.” दुसरा म्हणाला, “चाल हृदयनाथांची आहे.” तिसरीने चित्रपटाचे नाव सांगून जब्बार पटेलांचा उल्लेख केला, चौथ्याला स्मिता पाटील आठवली. ना. धों. महानोर हे नाव कोणीही घेतले नाही. त्यांच्यापैकी दोघांनी ‘रानातल्या कविता’ अभ्यासाला घेतलेला होता. आणि आम्ही बसलो होतो सोयगाव तालुक्यात, ज्या तालुक्यातल्या पळसखेड्याच्या मातीतून ती कविता उगवली. कवी २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा याच मुलांनी त्यांच्यावर वर्गात भाषणे केली होती.

मुलांना दोष द्यावा असे आम्हांस वाटले नाही. त्यांनी दिलेले प्रत्येक उत्तर खरे होते. गाणे ज्या रूपात त्यांच्यापर्यंत पोहोचले त्या रूपात कवीसाठी जागाच नव्हती, आणि प्लेयरमध्ये ती जागा रिकामी ठेवणारे आम्हीच होतो. त्या रात्रीपासून आम्ही या साडेतीन हजार फायलींची मुखचित्रे आणि नावे नीट लावण्याचे काम हाती घेतले आहे. हे काम फावल्या वेळचा चाळा आहे असे घरच्यांचे मत असले, तरी आमच्या मते ते ग्रंथसंपादनाच्या जातीचे आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ते एकदा तरी करून पाहावे. का, ते सांगतो.

‘अल्बम’ हा शब्दच मुळी एका सामानाचे नाव आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मोठी रचना द्यायची तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधीव पुठ्ठ्यात ठेवून विकल्या जात. ती वही म्हणजे अल्बम. पुठ्ठा बहुधा करडा वा तपकिरी, वर नुसती अक्षरे. अमेरिकेत कोलंबिया कंपनीसाठी अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० च्या सुमारास त्या पुठ्ठ्यावर चित्र काढण्याची प्रथा पाडली. १९४८ साली त्याच कंपनीने दीर्घवादन तबकडी आणली आणि बारा इंची चौकोन हे चित्रकाराचे नवे शेत झाले. पुढे ध्वनिफितीच्या डबीत ते शेत तळहाताहून लहान झाले, सीडीबरोबर बारा सेंटिमीटरवर आले आणि प्लेयरच्या पडद्यावर टपाल तिकिटाएवढे उरले.

आकार घटला याचे आम्हांस फारसे दुःख नाही. लघुचित्रांची थोर परंपरा आपल्याकडे आहेच. पण बारा इंची वेष्टनाला मागची बाजूही होती, हे विसरून चालणार नाही. पुढे गायिकेचा चेहरा असेल, तर मागे बारीक टायपात कोणते गाणे कोणी लिहिले, चाल कोणी दिली, साथीला कोण होते हे असे. कधी एखाद्या जाणत्याचे दोन परिच्छेद असत. ज्यांच्या घरी ग्रामोफोन होता अशा घरांतली मुले गाणे ऐकता ऐकता ते वेष्टन वाचत. मराठी भावगीताच्या कवींची नावे एका पिढीला पाठ्यपुस्तकांइतकीच या मलपृष्ठांनी शिकवली. प्लेयरने पुढची बाजू तेवढी ठेवली. चेहरा राहिला आणि मजकूर गेला.

आता येथे मराठी गाण्याची एक खास अडचण आहे, जी पाश्चात्त्य पद्धतीने आखलेल्या रकान्यांच्या ध्यानीमनी नाही. त्या रकान्यांत ‘आर्टिस्ट’ नावाचा एकच धनी असतो. आपल्याकडे भावगीताचे तीन धनी: कवी, संगीतकार, गायक. आकाशवाणीवरचा निवेदक ही तीन नावे गाण्याआधी सांगे आणि ऐकणाऱ्याला ती गाण्याचाच भाग वाटत. त्याहूनही मागे गेलो तर आपल्या संतांनी ही सोय कवितेच्या पोटातच करून ठेवली होती. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ही नाममुद्रा कशासाठी? अभंग तोंडातोंडी जाणार, हातोहात उतरणार, टाळकऱ्यांच्या गजरात चाल बदलणार, हे त्यांस ठाऊक होते. कागद फाटला, पोथी बुडाली तरी नाव शेवटच्या चरणात शाबूत राहावे, अशी ती योजना. (त्या योजनेचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याच्या नावाने अभंग खपवणारेही झाले, तो विषय निराळा.) अभंगाला मुखपृष्ठ लागत नाही, कारण तो आपली ओळख बरोबर घेऊन फिरतो.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळातही असेच काहीसे घडले. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपता संपता गायिका आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. पुष्कळांना तो नखरा वाटतो. वस्तुतः ते मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचे होते आणि तेथल्या, आपली भाषा न जाणणाऱ्या, कारागिरांना तबकडीवर कोणाच्या नावाची चकती चिकटवायची हे कळावे म्हणून ती सोय होती. नाममुद्रा पुन्हा आवाजात आली होती, पण ती गाणारीची. लिहिणारा तेथेही गप्पच.

आधुनिक कवी आपल्या गीतात नाव गुंफत नाही. रोमँटिक काळापासून ते शिष्टसंमत राहिले नाही. म्हणजे आजचे गीत आपल्या कर्त्याच्या नावासाठी पूर्णतः बाहेरच्या वेष्टनावर अवलंबून आहे, आणि नेमके ते वेष्टनच आता दोन इंची झाले आहे. आमच्या तक्रारीचा सगळा गाभा एवढाच.

याबाबतीत यंत्राला शिव्या देण्याची फॅशन आहे. ती आम्हांस मान्य नाही. एमपीथ्री फाइलीच्या शेपटाला माहिती चिकटवण्याची पहिली पद्धत १९९६ साली आली तेव्हा तिच्यात सगळी मिळून १२८ बाइटांची जागा होती: शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. कवीला शून्य, आणि देवनागरी लिपीचा विचारही नाही. आपण आपली गाणी रोमन अक्षरांत चेपून बसवू लागलो ती तेव्हापासून. नामदेव धोंडो महानोर हे एकच गृहस्थ त्या लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले गेले आणि प्लेयरच्या यादीत चार-पाच स्वतंत्र गृहस्थ होऊन बसले. परंतु थोड्याच वर्षांत त्या पद्धतीची दुसरी आवृत्ती आली आणि तिने ही कंजुषी पार सोडून दिली. तिच्यात संगीतकारासाठी वेगळा रकाना आहे, गीतकारासाठी वेगळा आहे, गीताची संहिता ठेवण्यासही जागा आहे, देवनागरीही चालते. चित्रांचे तर एकवीस प्रकार त्यांनी क्रमांकवार लावून दिले आहेत. तिसरा क्रमांक मुखपृष्ठाचा, चौथा मलपृष्ठाचा, सहावा तबकडीवरच्या चकतीचा, अकरावा संगीतकाराच्या चित्राचा, बारावा गीतकाराच्या. सतरावा क्रमांक ‘भडक रंगाचा मासा’ यासाठी राखून ठेवला आहे. आम्ही थट्टा करीत नाही. त्या दस्तऐवजात तसे खरेच आहे, आणि रूक्ष तांत्रिक मसुद्यात एखादा मासा सोडून देणाऱ्या त्या अनाम विनोदी माणसाविषयी आम्हांस ममत्व वाटते.

मुद्दा असा की, ज्या व्यवस्थेने माशालाही जागा दिली तिने कवीला नाकारले असे म्हणता येणार नाही. जागा आहे; ती कोणी भरत नाही. विकणारे भरत नाहीत, उतरवून घेणारे भरत नाहीत, आणि प्लेयर बनवणारे बाराव्या क्रमांकाचे चित्र पडद्यावर दाखवण्याची तसदी घेत नाहीत. आता गाणी साठवण्याऐवजी इंटरनेटवरून थेट ऐकली जातात. तेथे श्रेयनामे असतात, नाही असे नाही. पण ती कुठल्या तरी तीन टिंबांच्या मागे, दोन-तीनदा बोट दाबल्यावर. चेहरा मात्र न दाबता दिसतो.

कायद्याकडे पाहावे तर तोही मौजेचा आहे. आपल्या प्रतिमुद्राधिकार कायद्यात १९८४ साली ५२-अ हे कलम घातले गेले. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर काय छापले पाहिजे ते त्यात सांगितले आहे: मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. कवीचे नाव कवी म्हणून छापावे असे त्यात म्हटलेले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनाचा न सुटणारा वाटा दिला, हे मोठेच काम झाले. पण पैशाचा हक्क आणि मुखपृष्ठावरचे नाव या दोन गोष्टी आहेत.

दुसऱ्या दिवशी सोळाव्या लेण्याशी उभे असताना आम्हांस या कलमाची आठवण झाली. तेथल्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. हे लेणे त्याने करविले. नाव करविणाऱ्याचे आहे. आत ज्यांनी रंग घोटले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. पंधराशे वर्षांपूर्वीचा तो शिलालेख ५२-अ कलमाची पूर्तता करतो, असे आम्ही मुलांना म्हणालो. दुसऱ्या लेण्यात मात्र एक वेगळी गोष्ट आहे. क्षांतिवादीच्या कथाचित्राजवळ आर्यशूराच्या ‘जातकमाले’तले श्लोक रंगाने लिहिलेले आहेत. ते श्लोक आर्यशूराचे आहेत हे हाइनरिश ल्यूडर्सने १९०२ साली ओळखले. चित्राशेजारी कवितेचे शब्द कोणीतरी टिपून ठेवले होते, म्हणून चौदा-पंधरा शतकांनंतर एका दूरच्या पंडिताला कवी सापडला. आमच्या मते मराठी गाण्यांच्या फायलींत संहितेचा रकाना भरण्यास याहून मोठे प्रमाणपत्र नको.

मुखचित्र एका वस्तूचे प्रतिनिधित्व करताना बाकीच्यांवर अन्याय कसा करते, हेही अजिंठ्यातच पाहावे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हा अख्ख्या अजिंठ्याचे मुखचित्र होऊन बसला आहे. फलकांवर तो, माहितीपुस्तकांवर तो. इतर लेणी त्याच्या कृपाछत्राखाली, आमच्या सहाशे गाण्यांवरच्या गणपतीप्रमाणे. येणारा माणूस त्यास भेटतो, ओळख पटल्याचे समाधान पावतो, आणि दहाव्या लेण्यातल्या कितीतरी जुन्या चित्रांपुढून पुढे सरकतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पहिला मोह असतो तो संगणकाला ‘हरवलेली चित्रे आपोआप शोध’ असे सांगण्याचा. हा मोह आवरावा. आपोआप शोधणारे यंत्र नावावरून चित्र आणते, आवृत्तीवरून नव्हे. ‘गीतरामायण’ घ्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ते छप्पन्न गीतांत, आठवड्यामागून आठवडा, प्रसारित झाले. गीते गदिमांची, संगीत सुधीर फडके यांचे, आणि गाणारे अनेक: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक. नभोवाणीला मुखपृष्ठ नसते. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या एकट्या बाबूजींच्या स्वरातल्या. हे दोन पाठ आहेत. हस्तलिखित पोथी आणि छापील प्रत यांच्यात असावा तसा त्यांत भेद आहे. नभोवाणीच्या मुद्रणावर तबकडीचे मुखचित्र लावणे म्हणजे एका प्रतीचे मलपृष्ठ दुसरीला शिवणे. आम्ही त्या जागी कोरा करडा चौकोन ठेवला आहे. आणखी एक व्यावहारिक सूचना: अनेक गायक असलेल्या अशा संचात ‘अल्बम-कलाकार’ हा वेगळा रकाना भरला नाही, तर प्लेयर एका रामायणाची दहा रामायणे करतो.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा प्रश्न याहून अवघड. त्यांना चित्र नव्हतेच; असे ते कागदी पाकीट, पुष्कळदा दुकानदाराच्या जाहिरातीचे. बालगंधर्वांच्या गाण्यांवर हल्ली जी चित्रे दिसतात ती नंतरच्या संकलनांची. तेथे आम्ही तबकडीच्या मधल्या चकतीचे छायाचित्र लावतो. देखणे दिसत नाही हे खरे. परंतु तिच्यावर क्रमांक असतो, आणि संशोधकाला चेहऱ्यापेक्षा क्रमांक प्यारा असावा.

छायाचित्र काढल्यावर ते उजळ, गुळगुळीत, चुरगळ्याविना करून देणारी साधने आता फुकट मिळतात. तीही नकोत. अजिंठ्याची चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत त्यांवर वॉर्निशचे हात दिले गेले, आणि पुढे तेच पिवळे-काळे पडून चित्रांच्या अंगाशी आले. वेष्टनावर कोणा पूर्वमालकाने शाईने नाव घातले असेल, ग्रंथालयाचा शिक्का असेल, तो राहू द्यावा. आकाराचे म्हणाल तर पाचशे बाय पाचशे ठिपके पुरतात. जुने प्लेयर साध्या प्रकारचा जेपीजी घेतात. टप्प्याटप्प्याने उमटणारा दिला तर कोरे तोंड करतात. एकच चित्र छप्पन्न फायलींत घातले की एखाद्या गाण्याएवढी जागा जाते. ती जाऊ द्यावी. चित्र फोल्डरात वेगळे ठेवल्यास जागा वाचते खरी, पण फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की ती उघडीबोडकी जाते.

नावांच्या बाबतीत मात्र आमचेही मत अजून ठरलेले नाही. ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटाचे संगीत ‘आनंदघन’ यांचे. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे आज सर्वांस ठाऊक आहे. शान्ता शेळके यांनी काही गीते ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. रकान्यात काय लिहावे? टोपणनाव लिहिले तर यंत्राच्या यादीत शान्ताबाईंच्या गीतांतून ती गीते वेगळी पडतात. खरे नाव लिहिले तर ज्या नावाने ती कृती लोकांपुढे आली ते पुसले जाते, आणि ते नाव घेण्यामागे कर्त्याचा काही हेतू होता तोही. कुसुमाग्रज, ग्रेस, आरती प्रभू यांच्याबाबत हा पेच पडत नाही, कारण तेथे टोपणनाव हेच कवीचे नाव झाले आहे. सध्या आम्ही मूळ छापले गेले तेच नाव रकान्यात ठेवतो आणि शेऱ्याच्या जागी दुसरे लिहितो. वाचकांपैकी कोणी सूचिकार असतील तर ते यास हसतील. हसून झाल्यावर मार्ग सांगावा.

त्या रात्री त्याच विद्यार्थ्यांपैकी एकाने आम्हांस अडवले होते. “सर, गाणं ऐकायचं असतं. चित्र कशाला पाहायचं? आणि नाव कळल्याने गाणं बदलतं का?” प्रश्न खोटा नव्हता. ओट्यावरच्या अंधारात, पडदा विझवून ऐकले तेव्हा गाणे अधिकच चांगले वाटले, हे कबूल करतो. पण ‘जैत रे जैत’ची गीते महानोरांची आहेत हे कळल्यावर ‘रानातल्या कविता’ वाचलेल्या त्या दोन मुलांनी ते गाणे पुन्हा लावायला सांगितले आणि या वेळी ती मध्येच थांबवून एकेका शब्दावर वाद घालू लागली: हा शब्द कवितासंग्रहातल्या रानाचा की कर्नाळ्याच्या ठाकरांचा, कवीने आपली बोली पडद्यावरच्या माणसांना उसनी दिली की त्यांची घेतली. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीचा विषय निघाला. गाणे बदलले नसेल. ऐकणारे बदलले होते, आणि वीज आल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.

परत आल्यावर ती विद्यार्थिनी, जिने पहिला प्रश्न विचारला होता, एक कागद घेऊन आली. त्यावर तिने शाईने, ठळक देवनागरीत, नुसते ‘ना. धों. महानोर’ असे लिहिले होते. त्या कागदाचे छायाचित्र काढून आम्ही ‘जैत रे जैत’च्या प्रत्येक फाइलीत बाराव्या क्रमांकावर, गीतकाराच्या जागी, बसवले. प्लेयर अर्थातच ते दाखवत नाही. त्यास तिसऱ्या क्रमांकापलीकडचे काही दिसत नाही. तिने ते पाहिले, आणि म्हणाली, “मग तिसऱ्यावर टाकू या, सर. स्मिता पाटील जाऊ देत बाराव्यावर.”

आम्ही अजून होकार दिलेला नाही.